दसऱ्याची सुट्टी, मलकपेटची रेस आणि पाच हजारांचा हिशोब

गोदाथडी (नांदेड)
दसऱ्याच्या सुट्ट्या आणि २ ऑक्टोबर जोडून आले की नांदेड-परभणीकडची बरीच मंडळी हैदराबादला निघतात. तिथल्या मलकपेट रेसकोर्सवर परंपरेनं २ ऑक्टोबरला डेक्कन डर्बी ही मोठी रेस असते, पुण्याचा पावसाळी मोसम चालू असतो आणि म्हैसूरचाही. म्हणजे आठवडाभर कुठं ना कुठं घोडे पळतच राहतात आणि मलकपेटच्या स्क्रीनवर बाहेरच्या रेसवरही पैसे लावता येतात.

समजा माणशी पाच हजार ठेवले आणि ते गेले तरी चालेल असे बाजूला काढलेले आहेत. तर ते कसे वाटावेत? टोट (क्लबचा सामाईक गल्ला) का भाव देणारा बुकी? जॅकपॉटच्या नादी लागावं का? आणि कराचं नेमकं काय झालंय? जाणकारांनी आकड्यांसहित सांगावं. "नशीब आजमावा" छाप उत्तरं नकोत.

काळीमाती (परभणी)
दादा, घोड्याचं नंतर बघू. आधी कराचं घ्या, कारण त्यावरच बाकीची सगळी उत्तरं फिरतात.

रेसच्या बेटवर, म्हणजे लावलेल्या पैशावर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ होता. हा कर जिंकलेल्या पैशावर नाही, क्लबच्या कमिशनवरही नाही, बेटच्या पूर्ण दर्शनी किमतीवर आहे. घोड्यावर १०० लावायचे तर खिशातून १४० जातात. काही ठिकाणी कर तिकिटावर वेगळा दिसतो, काही ठिकाणी आत धरलेला असतो. आत धरला तर तुमच्या १०० मधले जेमतेम ७१ रुपये घोड्यावर लागतात. गोळाबेरीज तीच. पहिलं तिकीट हातात आलं की एवढं वाचून घ्या.

आता टोट कसा चालतो ते. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जातात. समजा विनचा (घोडा पहिला येणार म्हणून लावलेला) गल्ला एक लाख झाला आणि त्यातून क्लबचा व राज्याचा वाटा मिळून वीस हजार गेले. उरले ऐंशी हजार. जिंकलेल्या घोड्यावर दहा हजारांची तिकिटं होती, तर दहा रुपयाला ऐंशी. हा डिव्हिडंड मुद्दलासकट असतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही.

आता दोन्ही एकत्र धरा. गल्ल्यात पडलेल्या १०० मधले सरासरी ८० लोकांकडं परत येतात, पण ते १०० टाकायला लोकांनी १४० मोजलेत. म्हणजे रुपयाला ५७ पैसे. पाच हजार लावले, जे आले ते पुन्हा लावले, असं चार फेऱ्या केलं तर सरासरीनं ५००० चे २८५७, मग १६३३, मग ९३३ आणि शेवटी ५३३. वीस टक्के कपात मी उदाहरणाला धरलीय, प्रत्येक पूलची (गल्ल्याची) वेगळी असते. पण उतार कसा आहे ते कळतं.

त्यामुळं "आठवडाभर रोज थोडं थोडं" हा बेत सगळ्यात महागाचा. आठवड्यात पाच-सहाच बेट लावा.

तेरणाकाठ (धाराशिव)
काळीमाती यांच्या हिशोबाला पुरवणी. प्लेसचं (घोडा पहिल्या काही जागांत आला तरी चालतं ते) तिकीट "सेफ" म्हणून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

फेव्हरिटवर (पब्लिकच्या सगळ्यात आवडत्या घोड्यावर) प्लेस लावली, घोडा आला, डिव्हिडंड लागला दहाला १३. शंभराचं तिकीट होतं, १३० मिळाले. पण मोजले होते १४०. बेट जिंकून दहा रुपयांनी मागं! १४ च्या खालचा कुठलाही डिव्हिडंड म्हणजे तोटाच. आणि फेव्हरिटच्या प्लेसला ११, १२, १३ हे नेहमीचे आकडे.

बुकीकडंही तेच. दोन-पाचचा भाव असलेला घोडा, म्हणजे पाचाला दोन मिळणार. शंभरावर चाळीस सुटले, मुद्दल धरून १४० परत. खिशातून गेले १४०. घोडा जिंकला, टाळ्या झाल्या, हातात शून्य. आता दोन-एकचा भाव घ्या, म्हणजे एकाला दोन. १०० वर मुद्दलासकट ३०० येतात, १४० वजा केले तर नफा १६०. म्हणजे भाव बोर्डावर दोन-एक, पण तुमच्यासाठी तो आठास सात, जेमतेम बराबरीच्या वर.

असा भाव परवडायला तो घोडा शंभरातून ४७ वेळा तरी जिंकायला हवा. बोर्ड मात्र ३३ वेळांचंच बोलतो.

गोदाथडी
मग बुकी बरा का टोट?

तेरणाकाठ
रिंगमधल्या (रेसकोर्सवरच्या बुकींच्या जागेतल्या) परवानाधारक बुकीचा फायदा एकच, घेतलेला भाव पक्का. तुम्ही चार-एकला लावलं आणि नंतर तो दोन-एक झाला तरी तुम्हाला चार-एकच. टोटचा बोर्ड रेस सुटेपर्यंत हलत राहतो, शेवटच्या दोन मिनिटांत तर कोसळतो. म्हणून भाव पडेल असं वाटतं त्या घोड्यावर लवकर बुकीकडं, आणि लांबच्या (आशा कमी, भाव मोठा अशा) घोड्यावर टोट. लांबच्या घोड्याला बुकी हात आखडता घेतो, टोटवर तो कधी कधी दुप्पट देऊन जातो.

बुकीच्या बोर्डाची बेरीज करायला शिका. चार घोडे, भाव बराबर, दोन-एक, चार-एक आणि नऊ-एक. टक्क्यांत मांडलं तर ५०, ३३.३, २० आणि १०. बेरीज ११३.३. शंभराच्या वरचे हे १३ बुकीचे. बेरीज १३० च्या पुढं गेली तर त्या रेसला चहा प्यावा.

मन्याडखोरं (कंधार)
कराचा काथ्याकूट झाला, आता घोड्याकडं वळू. कार्ड (त्या दिवसाच्या रेसांची छापील माहिती) वाचता येत नसेल तर वरचा सगळा हिशोब वाया.

पहिली गफलत नंबरची. कार्डावर घोड्याचा नंबर वेगळा आणि ड्रॉ वेगळा. हँडिकॅपमध्ये (सरस घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधतात त्या रेसमध्ये) नंबर वजनाच्या उतरंडीनं येतो, एक नंबरचा घोडा सगळ्यात जास्त वजन घेऊन पळतो. ड्रॉ म्हणजे सुटताना कितव्या खणात उभा राहणार ते. खिडकीवर घोड्याचा नंबर सांगायचा. गर्दीत चिक्कार लोक ड्रॉचा आकडा सांगून मोकळे होतात आणि भलत्याच घोड्याचं तिकीट घेऊन येतात.

दुसरं रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेला आकडा. आपल्याकडं रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. पुण्याच्या चौथ्या क्लासचं उदाहरण घेऊ, रेटिंग २० ते ४६. समजा ४६ वाल्याला ६२ किलो दिले, तर ४० वाल्याला ५९ आणि ३० वाल्याला ५४. आता तो ४० वाला जिंकला आणि हँडिकॅपरनं (रेटिंग ठरवणाऱ्यानं) आठ पॉइंट चढवले. झाला ४८. चौथ्या क्लासात तो बसत नाही, गेला तिसऱ्यात, ४० ते ६६ मध्ये. तिथं ६६ वाल्याला ६२ किलो असतील तर ह्याला ५३. कार्डावर दिसतं "मागच्या वेळी ५९ घेऊन जिंकला, आज ५३ च आहेत", आणि पब्लिक तुटून पडतं. अरे पण सोबतची पोरं बदलली ना! जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिला आलेला थेट लातूरच्या शाहू कॉलेजात बसवल्यासारखं आहे ते.

उलट बाजूनं बघा. तिसऱ्या क्लासात चार-पाचदा मागं राहून रेटिंग उतरलेला, आज पहिल्यांदा चौथ्यात आलेला घोडा. त्याच्या मागच्या निकालांचे आकडे ७, ९, ६ असे रडके दिसतात, म्हणून भाव चांगला मिळतो. माझ्या मते कार्डावर पहिल्यांदा शोधायची गोष्ट हीच.

डर्बी मात्र हँडिकॅप नव्हे. तिथं रेटिंगप्रमाणं वजन वाटत नाहीत, त्यामुळं जो खरंच सरस आहे त्याला कोणी अडवत नाही. चुरस कमी आणि फेव्हरिटचा भाव पार दबलेला. तेरणाकाठ यांचं गणित लावलं तर डर्बी बघण्याची रेस आहे, लावण्याची क्वचितच.

बालाघाटी (अंबाजोगाई)
मन्याडखोरं, डर्बीबद्दल अर्धंच पटलं. डेक्कन डर्बी २००० मीटरची आणि घोडे तीन वर्षांचे. त्यातले बरेच १४०० ते १६०० च्या पुढं कधी पळालेलेच नसतात. फेव्हरिट १६०० चा राजा असला तरी शेवटच्या ३०० मीटरला पाय ओढायला लागतो. इथं बाप-आई बघा. कार्डावर घोड्याच्या नावाखाली दोन नावं असतात, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. त्या बापाची पोरं लांबच्या रेसा जिंकतात की १२०० लाच संपतात, हे जुन्या निकालांतून काढता येतं. विनला फेव्हरिट परवडत नसेल तर त्याला वगळून दुसऱ्या नंबरचं तिकीट घ्यायला वाव असतो.

आणि वय १ जानेवारीला मोजतात. एकाच वर्षी फेब्रुवारीत जन्मलेला आणि मे मध्ये जन्मलेला दोघंही कागदावर तीनच वर्षांचे. ऑक्टोबरपर्यंत हा फरक कमी होतो, पण पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथं) नुसत्या डोळ्यांनी कळतो.

मन्याडखोरं
बापाचा मुद्दा मान्य. पण "दुसऱ्या नंबरचं तिकीट" म्हणताना नीट सांगा, नवखे फसतात. एसएचपी म्हणजे सेकंड हॉर्स पूल. त्यात घोडा दुसराच यायला पाहिजे. जिंकला तर तिकीट रद्दी! टीएचपीला तसंच, तिसराच. प्लेसला मात्र ठरलेल्या जागांपैकी कुठंही आला की चालतो. किती जागांना प्लेस आहे ते पळणाऱ्या घोड्यांच्या संख्येवरून ठरतं, कार्डावर बघा. शेवटच्या क्षणी एखादा घोडा बाद झाला की जागाही कमी होऊ शकते.

तूरीचा_दाणा (लातूर)
जॅकपॉटबद्दल कोणीच बोललं नाही. सुट्टीच्या आठवड्यात गल्ला मोठा असतो ना?

काळीमाती
गल्ला मोठा, पण वाटेकरीही जास्त. सुट्टीला नवखी गर्दी फेव्हरिटवर लावते, त्यामुळं पाचही फेव्हरिट आले तर जॅकपॉट वाटून वाटून चिल्लर होतो. निदान दोन रेसांत तुमचा घोडा पब्लिकपेक्षा वेगळा असेल तरच त्या तिकिटाला अर्थ.

रचना अशी. ठरलेल्या पाच रेसांचे विजेते सांगायचे. सगळे बरोबर आले त्यांना गल्ल्याचे ७० टक्के, उरलेले ३० टक्के सांत्वनाला. पेपरात निकालाखाली ७०% आणि ३०% असे दोन आकडे छापतात ते हेच. एकेका रेसमध्ये किती घोडे घेतले त्यांचा गुणाकार म्हणजे तुमची तिकिटं. २ × १ × ३ × २ × २ = २४. दहाच्या युनिटनं २४०, कर धरून ३३६. आता पहिल्या रेसमध्ये "असू दे अजून एक" म्हणून तिसरा घोडा घातला की २४ चे ३६, म्हणजे ५०४ रुपये. एका घोड्यापायी १६८ वाढले. म्हणून जॅकपॉटला एक तरी रेस एकट्या घोड्यावर टेकवावी लागते, त्याला बँकर म्हणतात. बँकर नसेल त्या दिवशी जॅकपॉट नाही.

बालाघाटी
टानालाला तेच तंत्र. पहिले तीन, बरोबर क्रमानं. चार घोडे उलटसुलट घेतले तर २४ जोड्या, पाच घेतले तर ६०. पण पहिला पक्का धरला आणि चार घोडे दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी ठेवले तर १२. दहाच्या युनिटनं १२०, कर धरून १६८. पाच घोड्यांचं पूर्ण तिकीट घेतलं तर ६००, करासकट ८४०. पाच हजारांतले ८४० एका रेसला घालवायला काळीज वाघाचं पाहिजे.

तूरीचा_दाणा
आणि लागला मोठा तर? टीडीएस किती?

काळीमाती
एका व्यवहारात दहा हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के तिथंच कापतात. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एकेका व्यवहाराला बघतात. जॅकपॉट ४२ हजारांचा लागला तर १२,६०० कापून २९,४०० हातात. पॅनकार्ड सोबत ठेवा.

आपल्याकडं एक गैरसमज पक्का आहे की "आपलं शेतीशिवाय उत्पन्न नाही, रिटर्न भरला की टीडीएस परत". नाही मिळत. रेसच्या जिंकीला सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. किमान उत्पन्नाची सूट त्याला लागू होत नाही. आणि आठवड्यात हरलेले चार हजार त्यातून वजाही करता येत नाहीत. कापले नाहीत अशा छोट्या जिंकीसुद्धा रिटर्नमध्ये दाखवायच्याच.

पाटोदेकर (बीड)
एवढा कर असताना लोक गावातल्या पानटपरीवरच्या वहीवर लावतात त्याचं नवल नाही. तिथं ना जीएसटी ना टीडीएस.

तेरणाकाठ
नवल नाही, पण तो गुन्हा आहे, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात रेस हा कौशल्याचा खेळ मानला, त्याचा दाखला टपरीवाले देतात. पण महाराष्ट्राच्या जुगार कायद्यात सूट आहे ती परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारातल्या बेटला. मराठवाड्यात एकही रेसकोर्स नाही, त्यामुळं टपरीवरच्या वहीला ती लागू व्हायचा प्रश्नच नाही. व्यवहाराच्या बाजूनंही बघा. वहीत कागद नाही. मोठा डिव्हिडंड लागला की "तो घोडा तुम्ही सांगितलाच नव्हता", आणि दाद मागायला पोलिसांत जाता येत नाही.

मोबाइलवर बेट लावायला "आयडी" देणारे तर त्याहून वाईट. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. टेलिग्रामवर "मलकपेट फिक्स घोडा, आधी पाचशे पाठवा" असे मेसेज सुट्टीच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या बेडकांसारखे येतात. आठ घोड्यांची रेस असेल तर आठ गटांना आठ वेगळे घोडे पाठवतात. एका गटाचा लागतोच. पुढच्या वेळी त्या गटाकडून पाचशेचे पाच हजार.

मन्याडखोरं
टिप हवीच असेल तर फुकटची आणि खरी टिप पेपरात असते, सकाळच्या ट्रॅकवरची. "१०००/१-४, ६००/३७" असं छापतात. म्हणजे हजार मीटर एक मिनिट चार सेकंदांत, त्यातले शेवटचे सहाशे ३७ सेकंदांत. नुसता आकडा बघू नका, पुढचे शब्द वाचा. घोडा आपल्या मनानं मोकळा पळाला की ढकलला? ३७ ढकलून काढलेले आणि ३९ लगाम ओढून धरत काढलेले, यात दुसरा बरा. शिवाय कोणत्या ट्रॅकवर तेही बघा, वाळूवरचा आकडा आणि गवतावरचा आकडा एका तराजूत तोलायचे नसतात.

ऑक्टोबरच्या तोंडाला परतीचा पाऊस असतो. रेसच्या आधी ट्रॅक किती मऊ आहे त्याचं पेनिट्रोमीटर रीडिंग जाहीर करतात. आदल्या रात्री धो धो कोसळला असेल तर कोरड्या ट्रॅकवरचे वेळेचे आकडे बाजूला ठेवा आणि मऊ ट्रॅकवर कोण पळालंय तेवढंच शोधा. फॉल्स रेल्स (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) लावल्याची सूचना असेल तर तीही वाचा, आतली खराब पट्टी झाकलेली असते आणि ड्रॉचे जुने आडाखे चालत नाहीत.

पाटोदेकर
पॅडॉकमध्ये काय बघायचं ते तरी सांगा. माळेगावच्या यात्रेत घोडा बघणं वेगळं, हे वेगळं.

मन्याडखोरं
वेगळंच. माळेगावला चाल, भोवरे, रंग, कान बघतात. इथं सगळे थरोब्रेड, म्हणजे रेसच्याच जातीचे, स्टड बुकात (वंशावळीच्या वहीत) नोंदलेले. भोवऱ्याला कोणी विचारत नाही. इथं एवढंच बघा. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आलाय का? म्हणजे रेसच्या आधीच घोडा घामेजून दम घालवतोय. उकाड्यात मानेवर थोडा घाम सगळ्यांनाच असतो, फेस वेगळा. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढं पडतोय का? पोट ओढलेलं आहे का सैल? दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर आलेल्या घोड्याचं पोट बोलतं. आणि डोळ्यांना झापडं पहिल्यांदाच लावलीत का, हे कार्डावर लिहिलेलं असतं. इकडंतिकडं बघत पळणारा घोडा पहिल्या झापडांत कधी कधी एकदम सरळ येतो.

गोदाथडी
सगळ्यांचे आभार. मग पाच हजारांची वाटणी अशी कळते: बाहेरच्या स्क्रीनवरच्या रेसा बंद. मलकपेटच्या दोनच दिवसांची कार्डं आदल्या रात्री वाचायची. करासकट ७०० चा एक असे पाच बेट, म्हणजे ३५००, प्रत्यक्ष घोड्यावर पाचशे-पाचशे. बँकर सापडला तर एक जॅकपॉट ३३६ चा आणि एक टानाला १६८ चा. झाले ४००४. उरलेले ९९६ परत आणायचे. बरोबर?

काळीमाती
बरोबर. फक्त त्या ९९६ मध्ये येण्याजाण्याचं आणि खाण्याचं धरू नका, ते वेगळं ठेवा. नांदेडहून काचीगुड्याला उतरलात की एमएमटीएसनं (हैदराबादच्या लोकलनं) पुढचंच स्टेशन मलकपेट. खिडकीवर हिंदी चालते. घोड्याचं नाव सांगत बसू नका. आधी रेसचा नंबर, मग पूल, मग घोड्याचा नंबर, मग रक्कम, ह्या क्रमानं सांगा आणि तिकीट तिथंच उभ्या उभ्या वाचा. मागच्यानं कितीही ढकललं तरी. खिडकी सोडल्यावर चुकीचं तिकीट आपलंच.

बालाघाटी
आणि हरलेलं तिकीट लगेच फाडू नका. जॉकींचं वजन होईपर्यंत निकाल पक्का नसतो. आडवं घातल्याचं ऑब्जेक्शन आलं तर पहिला दुसरा होतो. रेस संपल्या संपल्या जमिनीवर पडलेली तिकिटं उलटीपालटी करत फिरणारे दोघं-तिघं प्रत्येक रेसकोर्सवर असतात, ते उगाच फिरत नाहीत.